आठी, सुरकुती आणि ललिता पवारांचा डोळा

मराठीत चेहऱ्यावरच्या रेघेला दोन शब्द आहेत. एक आठी, दुसरा सुरकुती. आठी घालता येते, पाडता येते, चढवता येते आणि मनासारखं झालं की ती जातेही. सुरकुती नुसती पडते. अमक्याने तमक्याकडे बघून सुरकुती घातली, असं कुणी म्हणत नाही. आठीला मन लागतं. सुरकुतीला वय आणि ऊन पुरतं.

आपल्या आज्यांनी व्याकरणात करून ठेवलेला हा भेद त्वचारोगशास्त्रातही जवळपास तसाच आहे. स्नायू आक्रसला की उमटणारी रेघ वेगळी आणि चेहरा निवांत असतानाही दिसणारी रेघ वेगळी, असं डॉक्टर मानतात. ‘बोटॉक्स’ या एका नावाखाली आपण ज्या इंजेक्शनांना ओळखतो, त्यांचं खरं काम पहिल्या रेघेवर, म्हणजे आठीवर आहे. वर्षानुवर्षं घातलेली आठी शेवटी कातडीत मुरते आणि तिची सुरकुती होते. अशी मुरलेली रेघ इंजेक्शनाने थोडी सैल पडते, पण पुसली जातेच असं नाही. उन्हाने रापून पडलेल्या गालावरच्या बारीक जाळीला तर या औषधाचा फारसा उपयोगच नाही.

आता फोनवर येणारी रील्स आठवा. ‘दहा मिनिटांत सुरकुत्या गायब.’ या एका ओळीत भाषेची आणि वैद्यकाची चूक एकाच ठिकाणी झाली आहे. इंजेक्शन आठी घालवतं आणि जाहिरात सुरकुती घालवल्याचं सांगते. ही चूक सोयीची आहे. कारण ‘तुमची आठी घालवून देतो’ असं म्हटलं असतं, तर ऐकणारीने विचारलं असतं, ‘माझी आठी तुमच्या डोळ्यांवर का येते?’

हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. पण आधी दुसऱ्या एका साध्या प्रश्नाचं उत्तर देणं भाग आहे, कारण तो मला खरोखर विचारला गेला.

दोन दरपत्रकं

मुरुड हे लातूर-बार्शी रस्त्यावरचं मोठं गाव. मुंबई-पुण्याच्या लोकांना मुरुड म्हटलं की समुद्र आणि जंजिरा आठवतो. आमच्या मुरुडला समुद्र नाही. इथल्या मुली शिकायला लातूरला जातात, खरेदीला लातूरला जातात आणि आता चेहऱ्याचं काही करायचं असलं तरी लातूरलाच जातात. तिथल्याच दोन ठिकाणची दरपत्रकं माझ्या एका मावसबहिणीने मला पाठवली. खाली लिहिलं होतं, ‘ताई, सगळ्या करायल्यात. यातलं कोणतं घेऊ सांग.’ तिचं वय एकतीस.

समीक्षेची सवय लागलेल्या माणसाला दरपत्रकही संहितेसारखंच दिसतं. आधी त्यात काय लिहिलंय ते वाचायचं, मग काय लिहिलेलं नाही ते. दोन्हींवर ‘कपाळ’, ‘भुवयांमध्ये’, ‘डोळ्यांच्या कडा’ असे भाग होते आणि प्रत्येक भागापुढे एक आकडा. एकावर ‘इंपोर्टेड’ असा शब्द होता, दुसऱ्यावर ‘प्रीमियम’. औषधाचं नाव एकावरही नव्हतं. किती युनिट, तेही नव्हतं. सुई कोण टोचणार, हेसुद्धा नव्हतं. म्हणजे निवड करायला सांगितली होती आणि जिच्यावरून निवड करायची ती माहितीच गाळली होती. कादंबरीतून पात्रं काढून घ्यावीत आणि नुसतं मुखपृष्ठ दाखवून ‘कोणती घेता?’ म्हणावं, तसं ते होतं.

तर त्या गाळलेल्या ओळी भरून काढू.

ही सगळी इंजेक्शनं एकाच मूळ द्रव्याची आहेत, बोट्युलिनम टॉक्सिन टाइप ए. मज्जातंतूच्या टोकाकडून स्नायूला ‘आक्रस’ असा निरोप अ‍ॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनामार्फत जातो. हे द्रव्य त्या रसायनाची वाट अडवतं. निरोप पोचत नाही आणि स्नायू स्वस्थ पडून राहतो. तीन ते पाच दिवसांत परिणाम दिसू लागतो, दोन आठवड्यांत पुरता दिसतो आणि साधारण तीन-चार महिन्यांत ओसरतो, कारण तंतूचं टोक पुन्हा कामाला लागतं. जगात सर्वांत जुनं आणि प्रसिद्ध नाव बोटॉक्स. डिस्पोर्ट आणि झिओमिन ही त्याची भावंडं. कोरियातून आलेली आणखी काही आहेत. अमेरिकेत २०२२ साली मान्यता मिळालेलं डॅक्सिफाय अनेकांत सहा महिन्यांच्या आसपास टिकतं.

भावंडं असली तरी त्यांची मापं एक नाहीत. भुवयांमधल्या आठीसाठी बोटॉक्सची अधिकृत मात्रा २० युनिट, झिओमिनची २० आणि डिस्पोर्टची ५०. म्हणून ‘आमच्याकडे पन्नास युनिट देतात, तिकडे वीसच’ ही तुलना किलो आणि शेराच्या तुलनेसारखी आहे. पन्नास हा आकडा मोठा म्हणून औषध जास्त, असं होत नाही. डिस्पोर्ट थोडं लवकर लागू पडतं आणि टोचलेल्या जागेभोवती थोडं अधिक पसरतं, असं अनेक डॉक्टर सांगतात. रुंद कपाळाला ते सोयीचं पडू शकतं, पापणीजवळ जपून वापरावं लागतं. झिओमिनमध्ये मूळ द्रव्याभोवतीची जास्तीची प्रथिनं काढून टाकलेली असतात. त्यामुळे शरीर औषधाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करण्याची शक्यता कमी, असा त्यामागचा विचार आहे. व्यवहारात या तिन्हींच्या परिणामात सामान्य माणसाला आरशात ओळखू येईल एवढा फरक क्वचितच असतो.

मराठवाड्याच्या दृष्टीने एक फरक मात्र मला महत्त्वाचा वाटतो. बोटॉक्स आणि डिस्पोर्टच्या कुप्या दोन ते आठ अंश तापमानात ठेवाव्या लागतात. न उघडलेली झिओमिनची कुपी साध्या खोलीच्या तापमानातही राहू शकते. पण ती खोली कंपनीच्या कल्पनेतली, पंचवीस अंशांची. लातूरचा मे महिना चाळिशी ओलांडतो आणि वीज आपल्या मर्जीने जाते-येते. त्यामुळे ‘इंपोर्टेड आहे का?’ या प्रश्नापेक्षा ‘तुमच्या फ्रिजला इन्व्हर्टर आहे का?’ हा प्रश्न जास्त शहाणपणाचा ठरतो. आपण तो विचारत नाही, कारण चकचकीत काचेच्या दारापलीकडे असले घरगुती प्रश्न विचारायची लाज वाटते.

विचारायचं ते एवढंच: कुपी माझ्यासमोर उघडाल का? तिच्यावरचं नाव, बॅच क्रमांक आणि मुदत मला दाखवाल का? किती युनिट देणार? देणारी व्यक्ती त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन आहे का? आणि पापणी उतरली, तर दोन आठवड्यांनी तुम्हीच भेटाल का? पापणी उतरणं हा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. तो काही आठवड्यांत जातो, पण ते आठवडे लांब वाटतात. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होणं फार विरळा, पण तसं झालं तर थेट दवाखाना गाठायचा. गरोदर असताना, बाळाला पाजत असताना किंवा स्नायू-मज्जातंतूंचा आजार असताना हे इंजेक्शन टाळायचं. ब्रँडची निवड या सगळ्यानंतर येते आणि ती बरीचशी टोचणाऱ्या हाताची सवय कोणत्या औषधाची आहे यावर ठरते.

दरपत्रकाची समीक्षा इथे संपते. तिच्या प्रश्नाचा दुसरा भाग, ‘सगळ्या करायल्यात’, त्याला मात्र दरपत्रक पुरत नाही.

कवीने सांगितलेलं विष

या औषधाच्या इतिहासाच्या सुरुवातीला एक कवी भेटतो. युस्टिनुस केर्नर हा जर्मनीतल्या व्यूर्टेम्बर्ग भागातला डॉक्टर. त्याच्या कवितांना पुढे शूमानने चाली लावल्या. खराब सॉसेज खाऊन माणसं मरत होती. त्यांची पापणी उतरायची, घास गिळता यायचा नाही, शुद्ध मात्र शेवटपर्यंत शाबूत राहायची. केर्नरने १८२० आणि १८२२ साली यावर सविस्तर लिहिलं. त्याने ते विष स्वतःवरही थोडं आजमावलं आणि ज्या रोगांत स्नायू भलतेच उसळतात, त्यांत हे कधीतरी औषध म्हणून वापरता येईल, असंही सुचवलं. सॉसेजला लॅटिनमध्ये बोट्युलस म्हणतात. नाव तिथून आलं. १८९५ साली बेल्जियममधल्या एका गावात अंत्यविधीला वाजवायला आलेल्या वादकांना खारवलेलं डुकराचं मांस बाधलं आणि त्यावरून व्हॅन एर्मेंगेमने त्यामागचा जिवाणू शोधला.

केर्नरचं म्हणणं खरं ठरायला दीडशेहून जास्त वर्षं गेली. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी तिरळेपणासाठी हे द्रव्य वापरलं. १९८९ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या अनावर मिटण्यासाठी. व्हँकुव्हरच्या जीन कारुथर्स यासुद्धा डोळ्यांच्याच डॉक्टर. पापण्यांसाठी इंजेक्शन घेणाऱ्या रुग्णांच्या भुवयांमधली आठी नाहीशी होते, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांचे पती अ‍ॅलिस्टर त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी १९९२ साली त्यावर निबंध छापला आणि २००२ साली केवळ आठीसाठी मान्यता आली.

म्हणजे हे औषध मुळात बिघडलेल्या डोळ्याचं आहे. आपल्या सिनेमात एक बिघडलेला डोळा फार प्रसिद्ध आहे.

ललिता पवारांचा डोळा

ललिता पवार १९१६ साली येवल्यात जन्मल्या. मूकपटांच्या काळात, लहान वयातच त्या पडद्यावर आल्या आणि तिशीच्या दशकात नायिका झाल्या. १९४२ साली ‘जंग-ए-आजादी’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात भगवानदादांनी त्यांच्या थोबाडीत मारायची होती. फटका जोरात बसला. चेहऱ्याच्या एका बाजूला लकवा झाला, डाव्या डोळ्याची नस फुटली. तीन वर्षं उपचार चालले. डोळा पूर्ववत झाला नाही. वय होतं सव्वीस. नायिकेची कामं संपली.

पुढे जे झालं ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे. अर्धवट मिटलेल्या त्या डोळ्याला हिंदी सिनेमाने खाष्टपणाचा अर्थ दिला. ‘दहेज’ १९५० सालचा. त्यातल्या सासूचं वय, म्हणजे ललिताबाईंचं वय, चौतीस. ‘मिस्टर अँड मिसेस ५५’मधली पुरुषद्वेष्टी आत्या. आणि १९८७ साली रामानंद सागरांच्या ‘रामायणा’तली मंथरा, जिच्यामुळे मुरुडसारख्या गावातही टीव्हीसमोर बसलेली माणसं त्या बाईला खरोखर शिव्या देत.

इथे थांबून विचारायला हवं: आपण काय वाचत होतो? तो डोळा रागाने मिटलेला नव्हता. त्यात कपट नव्हतं. ती एक जखम होती. तिला मन जोडलं आपण, प्रेक्षकांनी. सुरुवातीच्या भाषेत सांगायचं तर जी पडलेली होती ती आपण घातलेली समजलो. चार दशकांहून अधिक काळ एका बाईच्या स्नायूचा दोष तिच्या स्वभावाचा दोष म्हणून पाहिला गेला आणि त्यावर टाळ्याही पडल्या.

आता उलट बाजू. या गैरसमजाच्या मध्यात बसून ललिताबाईंनी तो मोडूनही दाखवला. ‘अनाडी’ (१९५९) मधली मिसेस डिसा ही घरमालकीण भाड्यासाठी राज कपूरवर करवादते आणि आपण तिच्या डोळ्यावर विसंबून ठरवून टाकतो की ही तसलीच. मग ती वळते. ओठ अजून बोलत असतात आणि उरलेला चेहरा त्या पोराला जेवू घालत असतो. ज्या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं तिचं सगळं बळ या विसंगतीत आहे. बोलण्यात आठी आणि चेहऱ्यावर माया. अर्धा चेहरा हुकमात नसताना उरलेल्या अर्ध्याकडून त्यांनी दुप्पट काम करून घेतलं. ज्या गुळगुळीत क्लोजअपना आज आपण सरावलो आहोत, त्यांत दोन भाव एकाच वेळी धरता येत नाहीत.

जाता जाता: मिसेस डिसा मरते ती कंपनीच्या सदोष औषधाने. बॅच क्रमांक तपासा म्हणणाऱ्या कुणालाही ‘अनाडी’ पुन्हा बघायला हरकत नाही.

मग कुणी म्हणेल, बघा, चेहरा बिघडला म्हणून तर एवढी मोठी नटी घडली. हे वाक्य मला मान्य नाही. दुसऱ्याच्या दुखण्याची किंमत आपल्या आनंदात मोजणारं ते वाक्य आहे. ललिताबाईंना विचारून थप्पड बसली नव्हती. आज लकव्यानंतर दोन्ही बाजूंचा तोल साधायला किंवा नको तिथे आवळणारा स्नायू सैल करायला हेच बोट्युलिनम डॉक्टर वापरतात. १९४२ साली ते असतं आणि त्याने त्यांना थोडंही बरं वाटलं असतं, तर त्यांनी ते घ्यायला हवं होतं आणि आपण मिसेस डिसाविना राहायला हवं होतं. कलेसाठी कुणाचा तरी चेहरा वाकडा राहावा, असं म्हणायचा प्रेक्षकाला अधिकार नाही.

म्हाताऱ्याची दाढी, बाईची हौस

ललिताबाईंचा आणखी एक चित्रपट या विषयाच्या थेट पोटात शिरतो. ‘प्रोफेसर’, १९६२, दिग्दर्शक लेख टंडन. नोकरीसाठी म्हातारा शिक्षक हवा असतो, म्हणून तरुण शम्मी कपूर पांढरे केस-दाढी लावून म्हातारा होतो. घरातली कडक पालक सीतादेवी, म्हणजे ललिता पवार, या खोट्या म्हाताऱ्याच्या प्रेमात पडते. कधी नव्हे ती नटू लागते. प्रेक्षागृह हसतं.

कशाला हसतं? तरुणाने म्हातारं दिसणं ही त्या चित्रपटात हुशारी आहे. प्रौढ बाईने तरुण दिसू पाहणं हा विनोद आहे. दोघंही वयाबद्दल खोटं बोलतात, पण त्याच्या खोटेपणातून त्याला नायिका मिळते आणि तिच्या खोटेपणातून तिला हसू मिळतं. त्यावेळी ललिताबाई शेहेचाळीस वर्षांच्या होत्या.

२०२४ सालचा ‘द सबस्टन्स’ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी फोनवर पाहिला असेल. कोराली फार्जाच्या या चित्रपटात पन्नाशीला पोचल्यावर टीव्हीवरून काढून टाकलेली एलिझाबेथ, म्हणजे डेमी मूर, एक द्रव टोचून घेते आणि तिच्यातून तिचीच तरुण आवृत्ती बाहेर पडते. चित्रपट पुरुषी नजरेवर कोरडे ओढतो, हे खरं. पण शेवटचा अर्धा तास तो रक्तामांसाचा सडा कुणाच्या शरीराचा घालतो? तिच्याच. तिला पन्नाशीत काढून टाकणारा निर्माता अंगावर शिंतोडे घेऊन सुटतो. बासष्ट वर्षांत ‘प्रोफेसर’मधल्या हशाची जागा किंकाळीने घेतली, एवढाच फरक. तरुण दिसू पाहणाऱ्या बाईला शिक्षा करायची खोड कथेने सोडली नाही. म्हणून ‘कशाला करतेस गं हे?’ असं मावसबहिणीला विचारण्याआधी मला थांबावंसं वाटलं. तो प्रश्नही त्याच शिक्षेतला एक हप्ता असू शकतो.

कपाळ ही कुणाची जागा?

भुवयांमधल्या आठीसाठी सुई साधारण पाच ठिकाणी टोचतात. या पाच ठिकाणांच्या मधोमध आपल्याकडे कुंकू लावतात. हा योगायोग शरीररचनेचा आहे, पण समाजाच्या दृष्टीने ती जागा मोकळी नव्हतीच. बाईच्या अंगावरची सर्वांत जास्त वाचली गेलेली जागा ती. लग्न झालंय का, नवरा आहे का, हे तिथे वाचलं जाई. पांढरं कपाळ हा शब्द अजून पुरता मेलेला नाही. पाचवीच्या रात्री सटवाई येऊन लिहिते तेही कपाळावरच. कपाळ फुटतं, कपाळावर हात जातो, कपाळकरंटी अशी शिवी होते. मराठीने माणसाचं नशीब हातावर थोडं आणि कपाळावर पुष्कळ ठेवलं.

आणि या जागेवर एक गोष्ट बाईने कधीच लिहायची नव्हती, ती म्हणजे आठी. ‘कपाळाला आठ्या घालू नकोस, सासरी चालायचं नाही.’ हे वाक्य न ऐकलेली मुलगी मुरुडात शोधावी लागेल. स्थळांच्या माहितीपत्रात ‘हसतमुख’ हा गुण अजून लिहिला जातो, मुलीच्याच. पाहुणे अचानक आले, आठी नको. रजा नाकारली, आठी नको. बाप्याची आठी मात्र घराचं हवामान असते. ती पाहून पोरं आवाज कमी करतात.

तेव्हा बाईच्या आठीवर बंदी घालायला इंजेक्शन यावं लागलं नाही. ते काम आधीच चालू होतं, फुकट. इंजेक्शनाने ते चार महिन्यांच्या हप्त्यांत विकायला काढलं. त्यासाठी वापरलेला शब्द ऐका: ‘रिलॅक्स’. स्नायूला आराम. ललिताबाईंच्या बाबतीत याच अवस्थेला आपण लकवा म्हणालो. स्नायूला निरोप न पोचणं तेच, फक्त एकीकडे ते अपघाताने झालं आणि दुसरीकडे पैसे देऊन, मोजून, थोड्या मुदतीसाठी केलं. शब्द बदलला की लकव्याचा आराम होतो.

पण इथे दुसरी शक्यताही प्रामाणिकपणे मांडायला हवी. चेहरा वाचला जाणं हा जिचा छळ आहे, तिला न वाचता येणारा चेहरा मुक्ती वाटू शकतो. ‘तुझं तोंड असं का?’ या प्रश्नाला दिवसातून दहा वेळा उत्तर देणाऱ्या बाईने ठरवलं की आता माझ्या कपाळावर तुम्हाला काहीच सापडणार नाही, तर तो एक प्रकारचा पडदा आहे आणि तो तिने स्वतः ओढलाय. मुलाखतीला जाणारी, वर्गावर उभी राहणारी, काउंटरवर बसणारी बाई. तिचा राग गेलेला नाही. तो फक्त लोकांच्या नजरेआड गेला आहे.

फक्त तो तिच्याही आड जातो का, हा प्रश्न उरतो.

वाक्य वाचायला लागणारा वेळ

२०१० साली अमेरिकेत डेव्हिड हावस आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. आठीसाठी इंजेक्शन घेणाऱ्या स्त्रियांना त्यांनी आधी आणि दोन आठवड्यांनी काही वाक्यं वाचायला दिली. काही आनंदाची, काही रागाची, काही दुःखाची. इंजेक्शनानंतर आनंदाची वाक्यं वाचायला पूर्वीइतकाच वेळ लागला. राग आणि दुःखाची वाक्यं समजायला किंचित जास्त लागला. किंचित म्हणजे सेकंदाचा अंश. पुढच्याच वर्षी नील आणि चार्टरँड यांच्या अभ्यासात असं दिसलं की बोटॉक्स घेतलेल्यांना दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचा भाव ओळखणं थोडं अवघड जातं. प्रयोग लहान आहेत, त्यांवर इमले बांधू नयेत. पण वाचणाऱ्या माणसाला त्यातली सूचना चुकवता येत नाही. आपण वाक्य नुसत्या डोळ्यांनी वाचत नाही. रागाचं वाक्य आलं की भुवया नकळत जवळ येतात आणि त्या जवळ येण्याने राग कळतो.

भरताला हे ठाऊक असावं. नाट्यशास्त्रात भुवयांच्या सात हालचाली वेगळ्या सांगितल्या आहेत. उत्क्षेप, पातन, भ्रुकुटी, चतुर, कुंचित, रेचित आणि सहज. क्रोध भ्रुकुटीत राहतो. इंजेक्शन घेतलेल्या कपाळावर जी उरते ती ‘सहज’, म्हणजे काहीच न करणारी भुवई. सातांपैकी तीही एक आहे आणि वाईट नाही. पण सहाच्या बदल्यात ती घेतोय, हे दरपत्रकावर कुठे लिहिलेलं नसतं.

भेगाळलेली जमीन

या चर्चेत एक ठरलेला समारोप येतो: सुरकुत्या सुंदर असतात, त्या अनुभवाचा नकाशा असतात. मराठवाड्यातल्या माणसाने या वाक्यापासून सावध राहावं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, ती मुरुडवरूनच गेली. त्या उन्हाळ्यात इथे पाण्याइतकेच कॅमेरे आले. दुष्काळाचं ठरलेलं छायाचित्र असतं: पुढे सुरकुतलेली म्हातारी, मागे भेगाळलेली जमीन. दोघींच्या रेघा जुळल्या पाहिजेत. त्या छायाचित्रांना बक्षिसं मिळतात, कवितासंग्रहांची मुखपृष्ठं त्यांनी सजतात.

म्हणजे सुरकुतीचं सौंदर्य आपण वाटून घेतलंय. खेड्यातल्या म्हातारीची सुरकुती ही कला आणि शहरातल्या निवेदिकेची सुरकुती ही नोकरीची अडचण. उन्हात डोळे बारीक करून तूर काढणाऱ्या बाईच्या डोळ्यांच्या कडा पस्तिशीतच चिरतात. तिला त्या नकाशाचं कौतुक नाही. तिला सावली हवी, चष्मा हवा, रोज थोडी कमी दगदग हवी. तिच्या चेहऱ्याला ‘अस्सल’ म्हणणारा माणूस बहुतेक वेळा सनस्क्रीन लावून आलेला असतो. सुरकुतीची भलामण करायचीच असेल, तर ती आपल्या स्वतःच्या, आपल्या नायिकांच्या, आपल्या बातमी वाचणाऱ्या बायकांच्या सुरकुतीपासून सुरू व्हावी. दुसऱ्याच्या गरिबीच्या रेघांवर आपलं सौंदर्यशास्त्र उभं करणं हे इंजेक्शनाइतकंच कृत्रिम आहे.

तर कोणतं घ्यावं?

मावसबहिणीला मी लिहिलं ते जवळपास असं: नावांत फार अडकू नकोस. कुपी, बॅच, युनिट, डॉक्टर, फ्रिज, एवढं नीट असेल तर तिन्हींतलं कोणतंही चालेल. यातलं एक जरी सांगत नसतील तर फुकट दिलं तरी घेऊ नकोस. सुरकुतीसाठी घेत असशील तर आधी दोन वर्षं टोपी आणि सनस्क्रीन वापरून बघ, ते स्वस्त पडतं आणि त्याची मुदत चार महिन्यांत संपत नाही. आठीसाठी घेत असशील, तर ती कुणाला खुपते ते एकदा मोजून बघ. तुला खुपत असेल तर घे, त्यात कुणाला उत्तर द्यायचं कारण नाही. आणि पहिल्यांदा कमी मात्रेत घे, म्हणजे भुवई थोडी हलती राहील.

तिने काय केलं ते इथे सांगण्याचं कारण नाही. तो तिचा चेहरा आहे. समीक्षकाचं काम ती आठी ठेवते की घालवते हे ठरवण्याचं नाही. तिच्यापुढे दोन दरपत्रकं ठेवली गेली तेव्हा तिसरा पर्याय, काहीच न करण्याचा, कुणी छापला नव्हता. तेवढा छापून देणं हे समीक्षेचं काम.

आणि ललिता पवारांचे चित्रपट बघताना एक करावं. ‘अनाडी’ लावा. मिसेस डिसा पहिल्यांदा ओरडते तिथे थांबा आणि त्या डाव्या डोळ्याकडे बघा. त्यात राग शोधू नका. आपल्याला तिथे राग दिसायची सवय लागलेली आहे, ती थोडा वेळ बाजूला ठेवून मग पुढचा प्रसंग बघा.